आधी नावे, मग मजकूर

सहीह बुखारी हा सुन्नी मुसलमानांचा हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींचा, सर्वांत मान्यताप्राप्त संग्रह. त्यातली अगदी पहिली हदीस वाचायला घेतली, तरी मजकूर हाती लागण्याआधी सहा माणसे ओलांडावी लागतात. बुखारींना सांगितले हुमैदींनी, हुमैदींना सुफियान इब्न उयैना यांनी, सुफियानना याह्या इब्न सईद अन्सारींनी. याह्यांना कळवले मुहम्मद इब्न इब्राहीम तैमींनी, त्यांनी ऐकले अल्कमा इब्न वक्कास लैसींकडून, आणि अल्कमांनी खलीफा उमर यांना मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून, बोलताना ऐकले. हे आपण पैगंबरांच्या तोंडून ऐकले, असे उमर म्हणाले. एवढे सांगून झाले की मग मजकूर येतो. कर्माचे मोल त्यामागच्या हेतूवर ठरते आणि ज्याने ज्या हेतूने घरदार सोडून हिजरत केली तेच त्याच्या पदरी पडते, अशा आशयाचा. दोन-तीन ओळींत तो संपतोही.

नावांच्या या रांगेला सनद किंवा इस्नाद म्हणतात, रांगेतल्या प्रत्येकाला रावी आणि शेवटी येणाऱ्या मजकुराला मतन. हदीसशास्त्राची बहुतेक परिभाषा सनदीभोवती उभी आहे. इब्न सलाह यांनी सातव्या हिजरी शतकात दमास्कसच्या अशरफिया मदरशात शिकवताना या विषयाची ६५ प्रकरणे पाडली, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकाने त्यांचीच चौकट पुढे चालवली. ६५ प्रकार ऐकून वाचक दबतो. त्यात ‘सहीह’, ‘हसन’, ‘जईफ’, ‘गरीब’, ‘मुरसल’ हे शब्द एकाच मोजपट्टीवरचे वरखाली आकडे असावेत, असे वाटते. तसे ते नाहीत. यातला एक शब्द किती जणांनी सांगितले याचे उत्तर देतो, दुसरा साखळी कुठे तुटली याचे, तिसरा माणूस कसा होता याचे. प्रश्न वेगवेगळे असल्यामुळे एकाच हदीसला चार-पाच शब्द एकदम लागू शकतात आणि त्यात विसंगती काहीच नसते. वर सांगितलेली पहिली हदीस हाताशी ठेवून हे सगळे पाहता येते, म्हणून ती शेवटपर्यंत सोडायची नाही.

नावे विचारायची पद्धत सुरुवातीपासून नव्हती. बसऱ्याचे इब्न सीरीन (मृत्यू हिजरी ११०, म्हणजे इसवी सन ७२८) यांचे सांगणे ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहाचे कर्ते मुस्लिम यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. आधी लोक सनद विचारत नसत, फितना म्हणजे यादवी झाली आणि मग माणसांची नावे मागायला लागले, असा त्याचा मथितार्थ. राजकीय गट पडले, की प्रत्येक गटाला आपल्या बाजूने बोलणारे वचन हवे असते. जमीन घेणारा हुशार माणूस आजच्या सातबाऱ्यावरचे नाव पाहून थांबत नाही, वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचे फेरफार तपासून घेतो. त्याच सावधपणाने मुहद्दिस, म्हणजे हदीसचे विद्वान, वचन कुणाकडून कुणाकडे आले ते मागे मागे तपासत गेले.

बुखारींनी सहा लाख हदीसमधून आपला संग्रह निवडला, असे नेहमी सांगितले जाते. ते ऐकून पैगंबरांच्या नावावर सहा लाख वाक्ये फिरत होती आणि बाकीची सगळी खोटी ठरली, असा समज होतो. इथे मोजणी सनदींची असते. एकच मजकूर पन्नास वाटांनी आला, तर मुहद्दिस त्या पन्नास हदीस धरतात. इब्न सलाह यांच्या मोजणीनुसार बुखारींच्या संग्रहात पुनरावृत्तीसह ७,२७५ हदीस आहेत. आपली पहिली हदीसच त्यात सात ठिकाणी, निरनिराळ्या गुरूंकडून आलेली सापडते.

आता साखळीचे दुवे. पहिली गोष्ट पाहायची ती क्रियापदे. ‘हद्दसना’ म्हणजे गुरूने सांगितले आणि आम्ही ऐकले. ‘अखबरना’ बहुधा शिष्याने गुरूसमोर वाचून दाखवले आणि गुरूने मान्य केले, अशा वेळी वापरतात. अर्थात सगळ्यांनी हा भेद पाळला असे नाही. ‘समिअतु’ म्हणजे मी स्वतः ऐकले, आणि यात पळवाट नाही. जुन्या हस्तलिखितांत कागद वाचवायला हद्दसनाचे नुसते ‘सना’ आणि अखबरनाचे ‘अना’ करतात, आणि एका सनदीवरून दुसरीवर उडी मारताना एकटे ‘ह’ अक्षर टाकतात. नवख्याला ते लेखनिकाची चूक वाटते.

सर्वांत निसरडे क्रियापद आहे ‘अन’, म्हणजे ‘अमक्याकडून’. ‘अमक्याकडून’ म्हणणाऱ्याने त्याच्याकडून प्रत्यक्ष ऐकलेच असे नाही. मध्ये एक माणूस गाळूनही तसे म्हणता येते, आणि खोटे बोलल्याचा ठपका येत नाही. याला तद्लीस म्हणतात आणि करणाऱ्याला मुदल्लिस. नामांकित विद्वानही यातून सुटलेले नाहीत. कूफाचे आमश विद्वत्तेत मोठे, पण मुदल्लिसांच्या यादीत त्यांचे नाव आहेच. इब्न हजर अस्कलानी यांनी मुदल्लिसांचे पाच थर केले. आपल्या सनदीतले सुफियान इब्न उयैना त्यातल्या दुसऱ्या थरात येतात, कारण त्यांनी नाव गाळले तरी ते विश्वासू माणसाचेच गाळलेले असे. म्हणजे सुफियान आणि याह्या यांच्यामध्ये कोणते क्रियापद आहे, हे बघणे आले. बुखारीच्या बहुतेक पाठांत तिथे ‘हद्दसना’ आहे, एका पाठात मात्र ‘अन’ आहे, आणि भाष्य लिहिताना इब्न हजर यांनी हा फरक टिपून ठेवला. हुमैदींचा स्वतःचा ‘मुस्नद’ हा संग्रह उत्तर प्रदेशातल्या मऊचे हबीबुर्रहमान आजमी यांनी संपादित केला. त्यात पाहिले तर ‘हद्दसना’च सापडते. एका क्रियापदासाठी एवढी धावाधाव!

‘अन’वरूनच या क्षेत्रातला एक गाजलेला वाद झाला. मुदल्लिस नसलेल्या माणसाने ‘अमक्याकडून’ म्हटले, तर साखळी जोडलेली मानायची का? मुस्लिम म्हणतात, दोघे एका काळात होते आणि भेट शक्य होती, एवढे पुरे. बुखारींची रीत जास्त कडक समजतात: दोघे निदान एकदा भेटल्याचा पुरावा हवा. मुस्लिम यांनी आपल्या प्रस्तावनेत या कडक मताच्या माणसावर नाव न घेता चांगलेच तोंडसुख घेतले आहे. तो माणूस नेमका कोण, यावर विद्वान अजून वाद घालतात.

भेट शक्य होती का, हे तारखांवरून कळते. बुखारींचा जन्म हिजरी १९४चा (इसवी सन ८१०), हुमैदी मक्केत २१९मध्ये वारले. सुफियान यांचा जन्म १०७चा, याह्या गेले १४३ किंवा १४४मध्ये. मुहम्मद इब्न इब्राहीम गेले १२०च्या सुमारास. प्रत्येक जोडीचे आयुष्य एकमेकांत पुरेसे गुंतलेले आहे आणि गावेही जुळतात: वरचे चौघे मदिनेचे, नंतरचे दोघे मक्केचे. पैगंबरांना श्रद्धेने भेटलेला तो सहाबी आणि सहाबींना भेटलेला तो ताबिई. या एका सनदीत याह्या, मुहम्मद आणि अल्कमा असे तीन ताबिई एकामागून एक आले आहेत. थोरल्याने धाकट्याला सांगितले, एवढाच त्याचा अर्थ, पण भाष्यकारांना अशा जागा सापडल्या की ते थांबून दाखवतात.

साखळी जोडलेली आहे हे कळले, तरी जोडणारा माणूस कसा होता हे उरतेच. त्याचे शास्त्र म्हणजे ‘जरह व तादील’: दोष दाखवणे आणि पात्र ठरवणे. दोन गोष्टी पाहतात. एक ‘अदालत’, म्हणजे माणूस धर्माने, चारित्र्याने सचोटीचा आहे का. दुसरी ‘जब्त’, म्हणजे त्याची स्मरणशक्ती किंवा वही पक्की आहे का. देवभोळा, सज्जन, पण विसराळू माणूस या परीक्षेत नापास होतो, आणि या शास्त्राची खरी धार मला तिथेच दिसते. ज्याच्या आशीर्वादासाठी लोक दारात येत, त्याच्या हदीसला मात्र तेच लोक हात लावत नसत. दोन्ही कसोट्यांवर उतरला तर ‘सिका’. जरा कमी पडला तर ‘सदूक’. मग ‘लय्यिन’, ‘जईफ’, ‘मतरूक’ म्हणजे टाकून दिलेला, आणि तळाला ‘कज्जाब’, खोटारडा. इब्न हजर यांनी ‘तकरीब-उत-तहजीब’मध्ये अशा १२ पायऱ्या केल्या आणि हजारो माणसांना एकेका ओळीत बसवले.

पण हे शब्द सगळ्यांच्या तोंडी सारखे नव्हते. इब्न मईन ‘याच्यात काही वावगे नाही’ म्हणाले, की त्यांच्या लेखी तो माणूस सिका असे. इतरांच्या तोंडी हाच शेरा एक पायरी खालचा. बुखारी जपून बोलत. ‘याच्याबाबत विचार करावा लागेल’ असे ते एखाद्याविषयी म्हणाले, की तो माणूस बहुधा संपलाच म्हणून समजावे. आपल्या सनदीतच याचा एक नमुना आहे. अहमद इब्न हंबल यांनी मुहम्मद इब्न इब्राहीम तैमींविषयी म्हटले आहे, की ते ‘मुनकर’ हदीस सांगतात. नंतरच्या परिभाषेत मुनकर म्हणजे दुबळ्या माणसाने विश्वासू माणसांच्या विरुद्ध जाऊन सांगितलेले. ऐकणाऱ्याला वाटावे, सनद इथेच कोसळली. इब्न हजर यांनी खुलासा केला, की अहमद आणि त्यांच्या काळचे काही जण हा शब्द फक्त एकट्याने सांगितलेल्या हदीसलाही वापरत, दुसऱ्या कुणाची साथ नाही एवढ्याच अर्थाने. तैमी एकट्याने सांगतात हे खरेच आहे. ते अविश्वासू आहेत, असे त्यातून निघत नाही. म्हणून जुना शेरा वाचताना तो कुणाचा आहे, हे आधी बघावे लागते.

माणूस आयुष्यभर एकसारखा राहत नाही, हेही मुहद्दिस विसरले नाहीत. इजिप्तचे काझी इब्न लहिआ यांची पुस्तके आगीत जळाली, आणि त्यानंतर ते आठवणीतून सांगू लागल्यावर घोटाळे वाढले, असे सांगतात. उतारवयात असा गोंधळ होण्याला ‘इख्तिलात’ म्हणतात. मग त्यांच्या शिष्यांची विभागणी झाली: आधी ऐकलेले वेगळे, नंतरचे वेगळे. इब्न मुबारक आणि इब्न वहब यांनी इब्न लहिआंकडून घेतलेले बरे मानतात. एकच गुरू, पण कोणत्या वर्षी ऐकले त्यावर निकाल बदलतो.

या माणसांच्या चरित्रांचे ग्रंथ आज जगभर ज्या रूपात वाचले जातात, त्यातले कितीतरी पहिल्यांदा छापले गेले ते हैदराबादला. १८८८मध्ये निजामाच्या राज्यात सुरू झालेल्या दायरतुल मआरिफ या संस्थेने बुखारींचा ‘तारीख-ए-कबीर’, इब्न अबी हातिम यांचा ‘जरह व तादील’, इब्न हजर यांचा बारा खंडांचा ‘तहजीब-उत-तहजीब’ छापला. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, पण मराठीत या संस्थेविषयी फारसे कुणी लिहिलेले दिसत नाही. त्याआधी चारशे वर्षे मागे गेले, तर खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या बुऱ्हाणपुरात जन्मलेले अली मुत्तकी सापडतात. ते मक्केत स्थायिक झाले, तिथेच १५६७मध्ये वारले, आणि त्यांचा ‘कंजुल उम्माल’ हा हदीसचा प्रचंड कोश झाला. त्यांचे गुजराती शिष्य मुहम्मद ताहिर पटणी यांनी बनावट हदीसवर एक पुस्तक लिहिले, आणि रावींच्या नावांचे उच्चार नीट कसे करावेत यावर दुसरे. अरबी लिपीत नुक्ते आणि स्वर सुटले, की एका नावाची दोन माणसे होतात, म्हणून त्या दुसऱ्याची गरज.

पुढचा प्रश्न संख्येचा. पैगंबरांपासून संग्राहकापर्यंत प्रत्येक पिढीत इतक्या लोकांनी सांगितले, की सगळ्यांनी मिळून खोटे रचले असणे शक्यच नाही, तर ती हदीस ‘मुतवातिर’. माझ्या नावावर जाणूनबुजून खोटे रचणाऱ्याचे ठिकाण नरकात, या आशयाची हदीस साठहून अधिक सहाबींच्या नावे येते. नेहमीचे उदाहरण तेच. मुतवातिर नसलेल्या सगळ्या ‘आहाद’. त्यांच्यात कोणत्याही पिढीत तिघांहून कमी नसले तर मशहूर, एखाद्या पिढीत दोनच असले तर अजीज, एकटा असला तर गरीब. आता आपली पहिली हदीस बघा. उमर एकटे, त्यांच्याकडून अल्कमा एकटे, त्यांच्याकडून तैमी एकटे, तैमींकडून याह्या एकटे. याह्यांनंतर मात्र मालिक, सुफियान सौरी, सुफियान इब्न उयैना, हम्माद इब्न जैद असा मोठा पसारा होतो. म्हणजे इस्लामी आचाराचा पाया मानली जाणारी, बुखारींनी ग्रंथाच्या तोंडावर ठेवलेली ही हदीस चार पिढ्या ‘गरीब’ आहे, आणि तरीही सहीह. गरीब म्हणजे दुबळी नव्हे, हे समजायला याहून चांगले उदाहरण नाही.

याच जागेवर पाश्चात्य इतिहासकारांचीही नजर थांबते. एकेरी धागा येतो आणि एका माणसापाशी त्याचा पंखा होतो. या माणसाला ते ‘कॉमन लिंक’ म्हणतात. जोसेफ शाख्ट यांनी १९५०च्या आपल्या ग्रंथात असा तर्क मांडला, की वचन बहुधा त्या माणसाच्या काळात प्रचारात आले आणि मागचा धागा नंतर जोडला गेला. हाराल्ड मोत्स्की यांनी उलट दाखवले, की असा माणूस पद्धतशीर शिकवणारा पहिला मोठा गुरूही असू शकतो. शिष्य त्याच्यापाशी जमले, म्हणून पंखा तिथे दिसतो. मुहद्दिसांनाही ही जागा माहीत होती, ते तिला ‘मदार’ म्हणतात. त्यांचा निष्कर्ष वेगळा आहे, नकाशा मात्र एकच.

वचन कुणाचे, हा प्रश्न लवकर संपतो. पैगंबरांपर्यंत पोचले तर मरफू, सहाबीपाशी थांबले तर मौकूफ, ताबिईपाशी थांबले तर मकतू. पैगंबर अल्लाहचे बोल म्हणून सांगतात, पण ते कुराणात नसतात, तेव्हा ती हदीस कुदसी. यातला कोणताही शब्द खरेखोटे ठरवत नाही. कुदसी हदीससुद्धा जईफ असू शकते.

साखळी तुटली असेल, तर ती कुठे तुटली त्यावरून नाव बदलते. संग्राहकाच्या बाजूने सुरुवातीलाच नावे गाळलेली असली तर मुअल्लक. अशा नोंदी खुद्द बुखारींत तेराशेच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या सनदी शोधून जोडायला इब्न हजर यांनी एक आख्खे पुस्तक लिहिले. मधला एक गळाला तर मुनकते, लागोपाठ दोन गळाले तर मुअजल. दुसऱ्या टोकाला, ताबिईने सहाबीचे नाव न घेता थेट ‘पैगंबर म्हणाले’ असे सांगितले, तर ती मुरसल.

मुरसलपाशी जरा थांबायला हवे, कारण त्याचा परिणाम थेट नमाजच्या चटईवर होतो. बसऱ्याचे ताबिई अबुल आलिया यांनी एक प्रसंग सांगितला. नमाज चालू असताना एक अंध माणूस खड्ड्यात पडला, मागचे काही जण खदखदून हसले, आणि पैगंबरांनी हसणाऱ्यांना वुजू (नमाजआधी हातपाय-तोंड धुणे) आणि नमाज दोन्ही पुन्हा करायला सांगितले. अबुल आलिया त्या वेळी तिथे नव्हते, आणि आपल्याला कुणी सांगितले तेही त्यांनी सांगितले नाही. म्हणून मुरसल. हनफी पंथ मुरसल मान्य करतो, म्हणून हनफी मतात नमाजमध्ये मोठ्याने हसले की वुजूही मोडते. शाफई पंथाचे इमाम शाफई यांनी मुरसलला फार अटी घातल्या आणि हा प्रसंग नाकारला. अबुल आलियांचे आडनाव रियाही, आणि रियाह म्हणजे वारे. त्यावर कोटी करून शाफईंनी ही हदीस वाऱ्यावर सोडून दिली. शाफई मतात हसण्याने नमाज मोडते, वुजू टिकते. महाराष्ट्रात हा फरक रोजच्या व्यवहारातला आहे: रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान बहुतांश शाफई आणि घाटावरचे बहुतांश हनफी. मशिदीत हसू आवरले नाही, तर शाफईने नमाज तेवढी पुन्हा पढायची, हनफीने मात्र वुजूसाठी पुन्हा नळाकडे जायचे. या फरकाच्या मुळाशी बसऱ्याच्या एका माणसाने न घेतलेले एक नाव आहे.

सगळी माणसे चांगली, साखळी अखंड, तरी मजकुरात घोळ असू शकतो. विश्वासू रावी आपल्याहून जास्त विश्वासू किंवा जास्त संख्येच्या रावींच्या विरुद्ध गेला, तर त्याची हदीस शाज. वरवर निर्दोष दिसणाऱ्या सनदीत आत लपलेला दोष म्हणजे इल्लत. तो सगळ्या वाटा शेजारी शेजारी मांडल्याशिवाय दिसत नाही. रावीचे स्वतःचे शब्द मजकुरात मिसळले, तर मुदरज. अबू हुरैरा यांच्याकडून आलेल्या एका हदीसमध्ये दोन गोष्टी लागून येतात: वुजू नीट करा, आणि ज्यांच्या टाचा कोरड्या राहिल्या त्यांना आगीचा इशारा. तिच्या सनदीतले एक रावी शोबा यांच्या दोन शिष्यांनी दोन्ही पैगंबरांच्या तोंडी घातल्या. शोबांकडूनच आलेल्या दुसऱ्या वाटेने पाहिले, तर पहिली सूचना अबू हुरैरांची स्वतःची आहे आणि ‘कारण पैगंबर म्हणाले’ हे शब्द त्यानंतर येतात. खतीब बगदादी यांनी हे दाखवून दिले. एका वाटेवर राहून हे कुणाच्या लक्षात आले नसते.

लिपीमुळे होणाऱ्या चुका म्हणजे तस्हीफ, आणि त्या वाचायला मजा येते. पैगंबरांनी मशिदीत चटईचा आडोसा केला, अशी एक हदीस आहे. तिच्यातले ‘इहतजरा’ इब्न लहिआंनी ‘इहतजमा’ असे सांगितले. झाले, पैगंबरांनी मशिदीत रक्त काढून घेतले, असा अर्थ होऊन बसला! शेवटचे एक अक्षर बदलले आणि आडोशाचा उपचार झाला. त्याहून गमतीचे उदाहरण अबू मूसा अनजी यांच्या नावावर सांगतात. पैगंबर नमाजसाठी समोर आखूड भाला, म्हणजे अनजा, रोवत. अनजा हेच यांच्या कबिल्याचेही नाव. पैगंबरांनी आमच्याकडे तोंड करून नमाज पढली, म्हणून आमचे घराणे थोर, असे ते अभिमानाने सांगत म्हणे. काही जण हे विनोदानेच म्हटल्याचे समजतात.

सनदी उलटसुलट झाल्या तर मकलूब. याची सर्वांत गाजलेली गोष्ट बुखारींची. बगदादच्या विद्वानांनी शंभर हदीसच्या सनदींची अदलाबदल केली आणि दहा जणांनी दहा-दहा हदीस त्यांच्यापुढे वाचल्या. बुखारी प्रत्येकीवर ‘मला माहीत नाही’ म्हणत गेले, आणि शेवटी शंभरही सनदी आपापल्या मजकुराला लावून दाखवल्या. ही गोष्ट इब्न अदी यांनी ‘अनेक जुन्या मंडळींकडून’ ऐकली म्हणून सांगितली आहे, पण त्या मंडळींची नावे दिलेली नाहीत. म्हणजे सनदीच्या उस्तादाची सर्वांत आवडती गोष्ट सनदीच्या कसोटीवर लंगडी! सांगणारे अनेक होते, म्हणून ती चालवून घ्यावी, असे काही विद्वानांचे म्हणणे आहे.

एवढे झाल्यावर निकालाचे शब्द समजायला सोपे जातात. साखळी अखंड, प्रत्येक रावी सचोटीचा, प्रत्येकाचे जब्त पक्के, शाज नाही आणि इल्लत नाही, या पाच अटी भरल्या की हदीस सहीह. बाकी सगळे तेच, फक्त जब्त थोडे कमी, तर हसन. एखादी अट मोडली, की जईफ. जईफच्या खाली मौजू, म्हणजे बनावट. ती हदीस म्हणून गणायचीही नाही. बनवणारे सगळे दुष्ट होते असे नाही. नूह इब्न अबी मरयम यांच्यावर कुराणातल्या एकेका सूराच्या पुण्याच्या हदीस रचल्याचा आरोप आहे. लोक कायद्याच्या आणि लढायांच्या पुस्तकांत रमून कुराण विसरले, म्हणून असे केले, अशी सबब त्यांच्या नावावर नोंदली आहे.

या निकालांचा आवाका किती, हे इब्न सलाह यांनी स्पष्ट करून ठेवले आहे. सहीह म्हणजे अटी भरल्या. प्रत्यक्षात तसेच घडले याची शंभर टक्के हमी त्यात नाही. ‘सहीह नाही’ म्हणजे सनद अटीत बसली नाही, मजकूर खोटा ठरला असे नव्हे. ‘सनद सहीह आहे’ आणि ‘हदीस सहीह आहे’ ही दोन वाक्येही वेगळी. पहिले म्हणणारा शाज आणि इल्लत तपासल्याचा दावा करत नाही. जईफ हदीस दुसऱ्या वाटांनी आली आणि तिचा दोष फार मोठा नसला, तर ती चढून ‘हसन लिगैरिही’, म्हणजे दुसऱ्यांच्या आधाराने हसन, होते. फार दुबळी नसलेली जईफ हदीस पुण्यकर्मांच्या उत्तेजनासाठी सांगायला अनेकांची हरकत नसते, हलाल-हराम ठरवायला मात्र ती चालत नाही.

मशहूर या शब्दाचे लोकांच्या तोंडी वेगळेच चालते. विद्येसाठी चीनला जावे लागले तरी जावे, हे वचन शाळांच्या गॅदरिंगपासून राजकीय सभांपर्यंत सगळीकडे पैगंबरांच्या नावाने ऐकू येते. तांत्रिक अर्थाने ते मशहूर नाही, फक्त प्रसिद्ध आहे. बैहकींनी सांगितले, मजकूर प्रसिद्ध आणि सनद जईफ. इब्न जौझींनी तर ते बनावट हदीसच्या ग्रंथात घातले. आपल्या पहिल्या हदीसलाही अशीच एक गोष्ट चिकटलेली आहे: उम्मे कैस नावाच्या स्त्रीशी लग्न करता यावे म्हणून एकाने हिजरत केली आणि त्यावरून पैगंबर हे बोलले. तसा माणूस होऊन गेल्याची नोंद सापडते. ही हदीस त्याच्यामुळे सांगितली गेली, हे मात्र कोणत्याही वाटेने आलेले नाही, असे इब्न हजर लिहितात. व्याख्यानांत ती गोष्ट अजूनही ऐकू येते.

तिर्मिजींचा संग्रह उघडणाऱ्याला आणखी एक पेच पडतो. ते हदीसखाली ‘हसन सहीह’ किंवा ‘हसन गरीब’ असे जोडशेरे लिहितात. एकच हदीस हसन आणि सहीह दोन्ही कशी? इब्न हजर यांचे उत्तर असे: वाट एकच असेल, तर रावीच्या दर्जाबद्दल विद्वानांत मतभेद आहे, म्हणून दोन्ही शब्द. वाटा दोन असतील, तर एक हसन आणि दुसरी सहीह. ‘गरीब’ जोडले, की वाट एक हे कळलेच. मोबाइलवरच्या हदीस ॲपमध्ये याच्या खाली आणखी एक शेरा असतो, बहुधा विसाव्या शतकातले नासिरुद्दीन अल्बानी (१९१४–१९९९) किंवा शुऐब अर्नाऊत यांचा. सहीह आणि जईफ असे दोन उलटे निकाल एकाच हदीसखाली दिसले, तर गोंधळून जायचे कारण नाही. सनद वर दिलेलीच असते. बऱ्याचदा दोघांची वाट एकाच रावीपाशी फुटलेली दिसते. अशा वेळी तकरीब उघडून त्या माणसाची ओळ वाचायची, आणि ती कमी पडली तर हैदराबादच्या छापाचा तहजीब काढायचा.